रिकाम्या हातानं कसं जायचं?

कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाणं आशाबाईंना उभ्या जन्मात जमलं नाही. बजाजनगरात राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात शेजारीपाजारी हुरडा वाटून मोकळ्या झाल्या. लेकीच्या शाळेतल्या बाईंना गवारीच्या शेंगा. टाके काढायला दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मेथीची जुडी. नवरा रामकिसन वाळूजच्या कंपनीत कामाला, तो नुसता हसायचा. लेक तनुजा मात्र लाजेनं अर्धमेली व्हायची.

तर ही तनुजा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि विद्यापीठातून तिला पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. फेलोशिपसकट एकच जागा होती. ती हुकली, तर संशोधनाचा नाद सोडून नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं. फळ किती पिकलंय हे वासावरून सांगणारा छोटासा सेन्सर तिनं बनवला होता. तो मुलाखतीत चालवून दाखवायचा होता.

"आई, सोबत चल, पण हातात काही घेऊ नको. लोकांना लाच वाटेल."

"बरं बाई, नाय घेत," आशाबाई म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. हातात काही घेतलं नाही. माहेरच्या बांधावरची चार पिकलेली सीताफळं टॉवेलात गुंडाळली आणि लेकीच्याच पिशवीत तळाशी सारली. फळांचंच मशीन बघणारे सर, त्यांना सीताफळ आवडणारच. मुलाखत झाली की हळूच द्यायची.

विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्या आत कान लावून होत्या. दार उघडंच होतं. आधी लेकीचा आवाज कसा खणखणीत होता! मग तो अडखळायला लागला.

"तुम्ही अजून सेन्सरच्या डब्यात फळ ठेवलेलंच नाही, तरी आकडा चढतोय," राजेंद्र सर म्हणाले. तेच मुलाखतीचे प्रमुख होते.

"सकाळी घरी बरोबर चालत होतं, सर."

"घरी सगळ्यांचंच चालतं," दुसरे कुणीतरी म्हणाले आणि आत खसखस पिकली.

आकड्याचं आशाबाईंना काही कळलं नाही, पण फळ ठेवलं नाही म्हणतात, एवढं कळलं. फळ तर होतं! त्या उठल्या आणि थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, फळ हाय तिथं. पोरीच्या पिशवीत म्या ठिवलंय. तिला ठावं नाय. चूक माझी हाय, मशीनची नाय."

तनुजानं डोळे मिटून घेतले. मग टेबलाखालची पिशवी उचलून आईच्या हातात दिली. "व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभी राहा."

लेकीनं हाकलून दिलं, असंच आशाबाईंना वाटलं. टोकाला जाऊन त्यांनी पदरानं डोळे पुसले. आपल्या हातानं आपल्याच पोरीचं वाटोळं केलं! आतून खिडक्या उघडल्याचा आवाज आला, पंखा लागला. बराच वेळ गेला.

"आई, ये आता!"

त्या आल्या. आत कुणीतरी "चढला, चढला" म्हणालं.

"आता परत जा!"

त्या गेल्या. पुन्हा हाक आली. अशा किती खेपा झाल्या कोण जाणे, पण प्रत्येक खेपेला आतलं हसू वाढत गेलं आणि त्यात लेकीचंही हसू ऐकू यायला लागलं. शेवटी राजेंद्र सरच बाहेर आले.

"बसा आता, दमलात. मशीन चोख आहे."

आशाबाईंनी लगेच पिशवी पुढं केली. "मंग घ्या की दोन."

"निकाल लागेपर्यंत नाही चालणार," सर हात जोडून म्हणाले.

निकाल लागला. जागा तनुजाला मिळाली. आशाबाईंनी बजाजनगरात पेढे वाटले, ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही.

लॅबच्या पहिल्या दिवशी घरातून निघताना तनुजा दारातच थांबली. "आई, सीताफळं दे. कच्ची वेगळी, पिकलेली वेगळी. टेस्टिंगला लागतात."

आशाबाईंनी तीन पिशव्या आणून ठेवल्या.

"ही तिसरी?"

"खायाला. आता निकाल लागला नव्हं?" म्हणत आशाबाईंनी लेकीच्या कपाळावर आठी येते का, ते चोरून पाहिलं.

तनुजानं पिशवीत डोकावून पाहिलं. "आणखी दोन टाक," ती म्हणाली. "आम्ही सहा जण आहोत लॅबमध्ये."