मागच्या तारखेच्या ताकिदी

नातवंडांनो, तुमच्या आईला मी हट्टी वाटते. तिचं चूक नाही. पण एकदा त्या हट्टाचं काय झालं होतं, ते तुमच्यासाठी नीट लिहून ठेवते.

छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन आमचं नवं राज्य नुकतंच जुळत होतं. आमच्याकडून नागपूरच्या हायकोर्टात जाणारी अपिलं जबलपूरला जाऊ लागली होती. इंग्रजी टायपिंग येत असल्यामुळे मी आमच्या गावातल्या लोधीपुऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात लागले होते. कामगारांच्या दाव्यांत आम्ही मालकांच्या बाजूने लढायचो. त्यात मला गैर काही वाटत नव्हतं. मालकालाही वकील लागतोच. वकीलसाहेब प्रत्येक मालकाला एकच सांगायचे: माणूस काढायचा तर कारण लेखी द्या आणि खरं द्या.

सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडणारी बाई बाळंतपणानंतर कामावर गेली, तर तिला फाटकावरूनच परत पाठवलं. तिने दावा लावला; मालकाचे वकील आम्हीच होतो. आधीच्या सुनावणीला ती तान्ह्या मुलीला घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसलेली मी पाहिली होती. काम परत मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी जिनिंगचे मुनीम कोरे लेटरहेड घेऊन आले. कामचुकारपणाबद्दल तिला तीन ताकिदी दिल्या होत्या, असं दाखवायचं होतं. तारखा मागच्या वर्षीच्या. खाली शेरा: घेण्यास नकार दिला.

"या तारखा मी घालणार नाही," मी म्हणाले.

"बाईजी, तीनच कागद तर आहेत," मुनीम म्हणाले. "तुमची टकटक तशीही दिवसभर चालूच असते."

"मग आजची तारीख घालते. चालेल?"

मुनीम वकीलसाहेबांकडे बघून हसले. "साहेब, तुमच्याकडे नोकर कोण आणि मालक कोण?"

ते साहेबांना झोंबलं. "बाई, टाइप करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि घर माझ्यावर होतं. तरी मी मशीनवर ऑफिसचा कागद चढवला, आजची तारीख घातली आणि माझंच बडतर्फीचं पत्र टाइप केलं. कारण लिहिलं: अमुक जिनिंगच्या अमुक कामगार बाईविरुद्ध मागच्या तारखेच्या तीन ताकिदी टाइप करण्यास नकार दिला. कार्बन कॉपी पर्समध्ये घातली आणि पत्र सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं.

"कारण लेखी आहे आणि खरं आहे," मी म्हणाले. "तुमचाच सल्ला."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मुनिमांना इंग्रजी येत नव्हतं. "काय लिहिलंय बाईजींनी?"

"तुमची केस बुडेल एवढं," साहेब म्हणाले आणि कोरे लेटरहेड त्यांच्या हातात परत दिले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तिला कामावर परत घ्यायचा हुकूम झाला. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, मीही तेवढंच बोलले. त्या पत्रावर त्यांनी कधीच सही केली नाही, आणि मी रोज दहाला हजर होत राहिले.