वरच्या फळीवरचा डबा

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. देवापुढेही बोलले नाही. त्याला काय सांगायचं — तो बघतच होता. तुम्हाला सांगते, कारण तुमच्या घरी मला जेवायचं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. फिरवून बोलायला मला येत नाही, तरी आज थोडी फिरणार आहे. दम धरा.

मुलाकडे जर्मनीत, नेकारसुल्मला राहायला आले आणि मला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लवकर सुधारला, हात मात्र लाकडासारखा. दवाखान्यातून घरी आल्यावर माझं सगळं सून करायची. मुक्ता तिचं नाव. अंघोळ, वेणी, निऱ्या, पदर. गाऊन घाला म्हणाली होती. मी म्हटलं, मेल्यावर घाल.

मग व्यायाम सुरू झाला. फिजिओवाली बाई घरी यायची — उंच, लाल गालांची. भिंतीला बोटं टेकवून मुंगीसारखी वर चढवायला लावायची. ‘लांगसाम, लांगसाम’ म्हणायची, म्हणजे हळूहळू. खांद्यापर्यंत बोटं गेली की मी तोंड वाकडं करून थांबायचे. ती माझ्याकडे बघायची, मग भिंतीकडे. तिला कळलं होतं का? माझ्या मते कळलं होतं.

खरं म्हणजे मुक्ता दुकानात गेली की मी भिंत पुरती चढायचे. स्वयंपाकघरातली भिंत. वरच्या फळीवर भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा होता. आधी बोटं नुसती फळीच्या कडेला लागली, मग एक दिवस डब्याला. काय सांगू — मुलाच्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला! मूठभर खाल्ले, डबा जागेवर ठेवला, पलंगावर येऊन पडले. मग रोजचंच झालं ते.

मुक्ता माझ्या मुलावर चिडायची. "संजय, डब्याला पाय फुटलेत का रे? खिचडीला कूट उरत नाही."

"मी नाही खाल्ले. आईशप्पथ!"

"शपथ कसली घेतोस, आई समोरच बसल्यात."

मी पदरात हसायचे. इथवर गंमत होती. इथेच थांबले असते तर तुम्हीही हसला असतात — नाही का?

मग हाइलब्रॉनच्या एका कचेरीने मुक्ताला नोकरी देऊ केली. इंजिनीअर आहे ती. लग्न होऊन आल्यापासून इथली भाषा शिकत आणि अर्ज करत बसली होती. अशी नोकरी पहिल्यांदाच चालून आली होती. सकाळी माझी वेणी घालता घालता ती मध्येच थांबली.

"आई, आज त्यांना उत्तर द्यायचंय. रोज संध्याकाळपर्यंत तुमचं तुम्हाला जमेल का? खरं सांगा हं. नसेल जमत तर मी नाही जाणार."

मी हात उचलला. खांद्यापर्यंत नेला आणि मांडीवर पडू दिला. वर "आई गं" म्हटलं.

ती बाल्कनीत गेली. फोनवर जर्मनमध्ये बोलली, थोडंसंच. परत आली आणि राहिलेली वेणी घातली. केस ओढले नाहीत. एकदा तरी ओढायला हवे होते तिने.

का केलं मी असं? ज्या गावची भाषा येत नाही तिथे दिवसभर एकटी बसायची भीती वाटली, असं म्हणू शकते. माझ्या सासूचं मी सगळं केलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, असंही म्हणू शकते. दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही कारण नाही. मला तिचे हात हवे होते. डोक्यातून फिरणारे, तेलाचे, गरम हात. ते दुसरीकडे कुठे जायला नको होते — बस्स, एवढंच. म्हणा मला काय म्हणायचं ते. मी याहून वाईट शब्द स्वतःला लावलेत आणि वर दोन वेळा पोटभर जेवलेय.

पुढे तिला नोकरी लागली, पण तशी नाही. अर्धा दिवस, दुसऱ्यांनी काढलेले आराखडे तपासायची. ती कधी बोलून दाखवत नाही. उलट पाहुण्यांना सांगते, "आमच्या आईंनी काय जिद्दीने हात परत मिळवला, बघा!" मी मान डोलावते. हो, डोलावते — खाली नाही घालत.

अजून रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती माझा व्यायाम घेते. माझ्यासमोर उभी राहते. "अजून वर, आई. अजून थोडा," म्हणते. मी हात नेते. दंड कानाला लागतो आणि ती टाळी वाजवते.

तेव्हाही लागत होता.