हलणारी चौकट

भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, तर मी ती घरी येऊन उकलून बघते. आत काहीतरी कुजकं दडवलेलं असणार, अशी माझी खात्रीच असते. आई म्हणायची, अरुंधतीला देवाने स्वतः येऊन प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल. विनायकने त्याच्या फिल्मची सगळी व्यवस्था बघायला मला बोलावलं ते याच स्वभावापायी. तरीही त्या वर्षीच्या मे महिन्यात, दार कोण हलवतंय हे शोधताना, इनॉक काकांचं नाव माझ्या डोक्यात आलं नाही.

इनॉक काका आपटेकर म्हणजे सत्तरीतला काटकुळा माणूस. पांढरा सदरा, खिशाला टेस्टर आणि ओठांवर कायम एक सूचना. उरणच्या बंदरात विजेच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, मूळचं आपट्याचं, पाताळगंगेच्या काठचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पनवेलात त्यांच्या लोकांची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. मुलगा बेन आणि मुलगी ताली दोघंही इस्रायलला गेली, बायको जोकबेद दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. काका कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि शनिवार सोडून रोज बसने आमच्याकडे दिवे सांभाळायला यायचे. बेन त्यांना तिकडे घेऊन जाणार होता. फ्लॅट विकून झाला होता, फक्त जायचं बाकी होतं. त्या विषयावर कुणी बोललं की काकांना नेमकी कुठलीतरी वायर तपासायची असायची.

आमचा गाळा जुन्या पनवेलात, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत होता. फिल्म बाहुल्यांची. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. चार माणसं दिवसभर घाम गाळतात तेव्हा पडद्यावरचा बैल जेमतेम चार पावलं टाकतो. घाम हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. वाऱ्याने कपडे हलतात म्हणून मे महिन्यातही पंखा बंद.

बैलाची गोष्ट काकांकडूनच आलेली. त्यांच्या आजोबांचा बैल म्हणे शनिवारी सुटी असली तरी खुंट्याभोवती गोल गोल फिरत राहायचा. विनायकच्या फिल्ममध्ये तो बैल एका शनिवारी तो फेरा मोडतो आणि सरळ मालकाच्या घरात शिरतो. ते घर काकांनी आठवणीतून बांधलं होतं. प्लायवूडच्या भिंती, मातीची इवलीशी कौलं, निळं दार. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला काडीएवढी एक चंदेरी नळी त्यांनी तिरकी चिकटवली होती. विनायकने हे काय म्हणून विचारलं तेव्हा काका म्हणाले की हा मेझुझा, यात देवाची वचनं असतात, आणि हे नसेल तर ते घर नाही, खोकं आहे. मग राहू दे, विनायक म्हणाला.

दाराची चौकट मात्र सुटी ठेवलेली होती, म्हणजे ती काढून आत बैलापर्यंत हात घालता यावा. आणि तीच चौकट हलत होती. शॉट चालू असताना नाही. चहाला, जेवायला उठलं आणि परत आलं, की चौकट किंचित सरकलेली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नसे. फोटो एकापाठोपाठ एक लावून बघितले की ते दार अंगात आल्यासारखं थरथरायचं. केलेलं सगळं काम फुकट जायचं. असं तीनदा झालं.

आधी आम्ही उंदरांना धरलं. चिकट पुठ्ठे लावले, त्याला विनायकचाच मोजा चिकटला. मग जासईकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या ट्रेलरांना धरलं, त्यांच्या धक्क्याने भिंती हादरतात म्हणून. पण धक्का फक्त चहाच्या वेळेतच कसा बसेल? तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हे काम माणसाचं होतं.

माणसं किती, तर चार. विनायक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. मी नव्हते. काकांनी तर ते घर बांधलेलं, भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘हात लावू नये’ हा कागदही त्यांनीच डकवलेला. राहिली सकीना.

सकीना बैलाची झूल आणि तेल्याचे कपडे शिवायची. नवरा शाहीद कुवेतला, ही सासूजवळ, मुलगी सिदरा शाळेत. आजवर घरी बसून दुकानाचं फॉल-पिकोचं काम केलेलं. उंबरठ्याबाहेरचं हे पहिलंच काम, आणि तेही सासूने, मुबीनाबींनी, मोठ्या नाखुशीने मान हलवल्यावर मिळालेलं. नाव खराब करून आलीस तर पुन्हा कुठे जायचं नाही, एवढं एकच वाक्य सासूने सांगितलं होतं, आणि सकीनाने ते मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं. शनिवारी सिदराची शाळा लवकर सुटते म्हणून ती शनिवारी येत नसे. आणि शनिवारी दार कधीच हलत नसे. हा हिशेब मी विनायकपुढे मांडला तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटला होता. शनिवारी आणखी एक माणूस येत नाही, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मग एके दिवशी मी ते प्लायवूडचं घर ठेवलेल्या टेबलाभोवती टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवली. जेवणानंतर बघितलं तर पावडर स्वच्छ झाडलेली. पाऊल नाही की काही नाही. माझा संशय दुप्पट झाला. चोर नसेल तर माग कशाला पुसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायकने सकीनाला बाजूला घेऊन सांगितलं की आज बैल दारातून आत जाण्याचा शॉट आहे, मधल्या सुटीत चौकट हलली तर उद्यापासून येऊ नका. त्याने आवाज चढवला नाही, तरी गाळा एवढासा, सगळ्यांना ऐकू गेलं. सकीना आपल्या जागेवर जाऊन बसली. तिने सुईत दोरा ओवला, तो दोनदा चुकला. काका म्हणाले, पोरीला उगाच काय बोलतोस, आणि दिव्याची वायर तपासायला गेले.

दुपारपर्यंत बैल उंबऱ्याशी पोचला. पुढचा एक पाय आत, बाकीचा बैल बाहेर. विनायक खानावळीत जेवायला गेला. सकीना शेजारच्या बोळातल्या ओळखीच्या घरी नमाज पढायला गेली, निदान तसं सांगून गेली. मी जेवायला गेल्याचं नाटक केलं आणि मागच्या दाराने येऊन काळ्या पडद्यामागे उभी राहिले. उकाड्याने जीव जात होता. मनात म्हटलं, आज हिला रंगेहाथ पकडते.

सकीना आली नाही. काका आले. दिवे तापतात म्हणून ते सुटीत बंद करायचे, आणि स्विचबोर्डाकडे जायची चिंचोळी वाट त्या टेबलाला घासून जाते. टेबलावर असल्यामुळे त्या घराचं दार बरोबर उभ्या माणसाच्या हाताशी येतं. काका काहीतरी गुणगुणत चालत होते, डोळे बोर्डाकडे. चालता चालता त्यांचा उजवा हात बाजूला गेला, दोन बोटं त्या चंदेरी काडीला टेकली, आणि मग ती बोटं ओठांना लागली. पाऊल थांबलं नाही, गुणगुणणंही थांबलं नाही. दिवे बंद करून ते परतले, आणि जाताना पुन्हा तेच.

मी पडद्यामागे तशीच उभी राहिले. चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं, इतकं की ही गोष्ट मी गिळून टाकावी असंही क्षणभर मनात आलं.

गिळायला सवडच मिळाली नाही. विनायक आला, त्याने दिवे लावले, लॅपटॉपवर आधीचा फोटो आणि आत्ताचा एकावर एक ठेवले आणि पाठीमागे रेलला. चौकट हलली होती. सकीना नुकतीच आत येत होती, डोक्यावरची ओढणी अजून नीट करत होती.

“सकीनाताई, तुमचं सामान घ्या,” विनायक म्हणाला.

तिने विचारलं, “घरी काय सांगू?”

त्याने लॅपटॉपकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, ती नाही, काका आहेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

काका इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. कान लाल झाले. ते म्हणाले की या घराचं एकेक कौल मी बसवलंय, मी त्याला हात लावीन? तुला रोज कुणीतरी चोर लागतो, काल ही होती, आज मी. मी मेझुझाचं सांगितलं. ते म्हणाले, साफ खोटं. आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. विनायकलाही वाटलं की मी सकीनाला वाचवायला काहीतरी रचतेय. माझ्यासारखीवर कोण विश्वास ठेवणार?

“संपलं,” काका म्हणाले. “मी हे दिवे बंद करतो आणि जातो. नाहीतरी जायचंच आहे.”

ते तरातरा बोर्डाकडे निघाले. आम्ही तिघंही बघत होतो. टेबलापाशी पोचल्यावर हात बाजूला गेला, बोटं टेकली, ओठांकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेत थांबली. काका त्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या खांद्याला जोडलाय अशा नजरेने.

मग काका खुर्चीवर बसले आणि हळूहळू बोलले, आमच्याकडे न बघता. फ्लॅट विकला, नवा मालक त्यांच्यातला नाही, म्हणून दारावरचा मेझुझा त्यांनी महिन्याभरापूर्वी काढून पेटीत ठेवला. चौकटीला आता नुसती दोन भोकं आहेत. सत्तर वर्षं घरात शिरताना आणि निघताना हात तिथे जायचा, आता जातो आणि भिंतीवर आपटतो. इथे त्याला मिळत असेल, ते म्हणाले. मला कळलंच नाही.

मग ते सकीनाकडे वळले. माफ कर म्हणाले, आणि विनायकला म्हणाले की तिच्या सासूला काही सांगायचंच असेल तर ते मी सांगीन, माझ्या तोंडाने. विनायक खाली मान घालून उभा होता. चुकलं माझं, एवढं त्याने पुटपुटलं.

सकीनाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई, तुमची पावडर मी बघितली होती,” ती म्हणाली. “मीच झाडून काढली. कुणाचं पाऊल निघालं असतं तरी ते माझंच ठरलं असतं.”

पावडरचा डबा अजून बाहेरच होता, तो मी उचलून पिशवीत टाकला.

शॉट अजून राहिला होता. काकांशिवाय दिवे कोण बघणार? आणि काका असतील तर तो हात असणार. विनायक म्हणाला, मेझुझाच काढून टाकू. काकांनी नाही म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून विनायकने विषय तिथेच सोडला. तेव्हा काकांनी सदऱ्याची उजवी बाही पुढे केली.

“सकीना, हा टाचून टाक,” ते म्हणाले.

तिला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. तिने पांढरा दोरा घेतला, काकांच्या सदऱ्याची बाही त्यांच्या पँटच्या खिशाला लावली आणि मोठमोठे कच्चे टाके घातले. सुई कातड्याला लागू नये म्हणून आधी आत स्वतःचं बोट घातलं. काका शाळेतल्या पोरासारखे स्थिर उभे राहिले. मग पुन्हा काम सुरू झालं. काका डाव्या हाताने बटणं दाबत त्या वाटेने ये-जा करत राहिले. दरवेळी टेबलाशी आले की उजवी बाही ताणली जायची, टाका कुरकुरायचा, आणि ते पुढे जायचे.

संध्याकाळी बैल आत गेला. विनायकने सगळे फोटो सलग लावून दाखवले. चौकट जागची हलली नव्हती.

सकीना कात्री घेऊन काकांच्या खुर्चीशी खाली बसली. काकांनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

“राहू दे ग. घरी जाऊन उसवीन. दाराशी हात उगाच जातो.”

“जाऊ दे की काका,” ती म्हणाली आणि तिने टाका कापला. “हाताला काय माहीत, दारावरचं काढलंय म्हणून.”

काका आमच्यासमोर रडले. सकीनाला घरी जायला उशीर होत होता, सासू वाट बघत असणार हे तिलाही ठाऊक होतं. तिने कापलेले दोरे एकेक करून वेचले आणि ते शांत होईपर्यंत तिथेच बसून राहिली.