पोटात बाळ, डोक्यात गाठ

पाचवा महिना लागला तरी माझ्या उलट्या थांबल्या नव्हत्या. लोह्यात आमच्या घरी कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. काही बायांना शेवटपर्यंत होतात, असं सासूबाई म्हणायच्या. सकाळी उठलं की डोकं लई ठणकायचं, उलटी झाली की जरा उतरायचं. मग एकदा चहा ओतताना एका कपाचे दोन दिसले आणि सगळा चहा फरशीवर गेला.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी डोळ्याचा मागचा पडदा तपासला, मला बाहेर बसवलं आणि आमच्या ह्यांना आत बोलावलं. हे बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ निघाली. डोळ्यांच्या नसांवर दाब येत होता.

लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. आत्ताच ऑपरेशन केलं तर बाळाला धोका, थांबलं तर माझ्या नजरेला. सूज उतरवायच्या गोळ्यांवर बाळ जरा वाढेपर्यंत दिवस काढता येतील. पण फिट आली किंवा दिसणं कमी झालं, तर मात्र थांबायचं नाही.

हे खाली बघत म्हणाले, "साहेब, हिला वाचवा. लेकराचं मागून बघू."

बाळ तेव्हा पोटात हलत होतं. मी म्हणाले, "मला दिसतंय अजून. मी थांबते."

हे एकटेच लोह्याला परतले.

मी लातूरला बहिणीकडं राहिले. ती रोज एकेक डोळा झाकायला लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगायची. आठव्या महिन्यात एका सकाळी डाव्या डोळ्याला मोठे आकडेही दिसेनात. तिनं तशीच रिक्षा बोलावली. दवाखान्यात आधी बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि मग सिझेरियन केलं, पूर्ण भूल देऊन. लेकीचं पहिलं रडणं मी ऐकलंच नाही. थोड्याच दिवसांत डोक्याचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ रेडिएशन. औषधांमुळे दूध पाजायला मनाई होती. छाती दुधानं दगडासारखी व्हायची, बहीण कपडा आवळून बांधायची. लेक काचेच्या पेटीतून बाहेर आली तेव्हा मोठ्या जाऊबाई तिला लोह्याला घेऊन गेल्या.

सात-आठ महिन्यांनी मी घरी आले ती केस गेलेली, टाक्यांचा व्रण घेऊन. हात पुढं केले तर लेक किंचाळून जाऊबाईंच्या गळ्याला बिलगली. "होईल सवय," सासूबाई म्हणाल्या.

डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही. गाठीचा थोडा भाग आत राहिलाय. दरवर्षी स्कॅन करावा लागतो. दुसऱ्या बाळाचा विचारही करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

लेक आता अंगणवाडीत जाते. शिकवल्याप्रमाणे मला आई म्हणते. मात्र ताप आला की जाऊबाईंनाच हाका मारते. मी औषध पाजते, ती गुमान पिते, आणि मग उठून त्यांच्या कुशीत जाऊन झोपते.