पुनमचा चेहरा जुळेना

वच्छलाबाई अंगणवाडीत लागल्या तेव्हा त्यांच्या हाती अकरा रजिस्टरं आली होती. आता फोन आला होता. एकतीस वर्षं धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरपासून आठ किलोमीटरवरच्या पिंपरझिरी गावात त्यांनी पोरांची वजनं केली, बायांना गोळ्या दिल्या, कोणाच्या घरात पाळणा हलणार हे त्या घराच्या आधी ओळखलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी फोन हाती पडला तेव्हा पहिले चार महिने त्या रडकुंडीला आल्या. मग एक दिवस मनाशी म्हणाल्या, अकरा रजिस्टरं याच हातांनी लिहिली, हे काय मोठं! आणि शिकल्या. आसपासच्या दहा गावांतल्या तरुण सेविका अडल्या की त्यांनाच फोन करायच्या.

त्यात नवा नियम आला. गरोदर बाईला आहाराची पाकिटं द्यायची तर आधी तिचा चेहरा फोनला दाखवायचा. फोन म्हणणार, डोळे मिटा, उघडा. पहिल्या नोंदणीच्या फोटोशी चेहरा जुळला की बाईच्या नंबरवर ओटीपी येणार. तो टाकला की पाकिटं द्यायची. पिंपरझिरीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. म्हणून महिनाअखेरीला सगळ्या पोटुश्या बाया टाकीखाली रांगेनं बसायच्या.

त्या दिवशी महिन्याची शेवटची तारीख होती. एकोणतीस नावं झाली होती, एक उरलं होतं. पुनमचं. वीस वर्षांची पोर, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. नवरा नवल सुरतेला साडीच्या कारखान्यात. घरात सासू सुनंदाबाई आणि ती.

दुपारी तीनला सासू-सुना टाकीपाशी आल्या. वच्छलाबाईंनी फोन धरला. पुनमनं डोळे मिटले, उघडले. पडद्यावर लाल अक्षरं आली, चेहरा जुळत नाही.

सावलीत घेतलं, उन्हात घेतलं, डोक्यावरचा पदर मागे सारला, कपाळावरची टिकली काढून पाहिली. पाचदा तेच.

"मनी सून काय बदली गयी का?" सुनंदाबाई चिडल्या. "हाई पुनमच शे. बठ्ठा गाव सांगी."

"गावले कोण इचारी ऱ्हायनं, सुनंदा? या फोनले पटाले पाहिजे."

तेवढ्यात फोन वाजला. पर्यवेक्षिका दिपमाला मॅडम तालुक्याहून बोलत होत्या. "वच्छलाबाई, माझ्या बत्तीस अंगणवाड्यांपैकी एकतीस शंभर टक्के झाल्या. फक्त तुमचं एक नाव अडलंय. पाच वाजता वर यादी जाते."

"मॅडम, चेहरा जुळत नाहीये. बाई समोर उभी आहे माझ्या."

"जुळत नसेल तर पाकिटं देता येणार नाहीत, तुम्हाला माहितीये. एक करा, तिला स्थलांतरित दाखवा. नवरा सुरतेलाच आहे ना? नाव यादीतून निघेल, टक्केवारी पूर्ण होईल. पुढच्या महिन्यात परत घेऊ."

फोन बंद झाला. वच्छलाबाईंनी पुनमचं नाव उघडलं. स्थलांतरित लिहिलेलं बटण तिथंच होतं. एकदा बोट टेकवलं की झालं. गेल्याच महिन्यात दुसऱ्या गावच्या एका सेविकेला टक्केवारीपायी सर्वांसमोर उभं केलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बोट बटणावर गेलंही. पण त्या नावाशेजारी पुनमचा पहिला फोटो होता, तिसऱ्या महिन्यात त्यांनीच काढलेला. हनुवटी टोकदार, गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे. त्यांनी मान वर केली आणि समोर उभ्या पोरीकडे पाहिलं. दुपारपासून तिला पाहत होत्या, पण फोनच्या चौकटीतून. आता नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

डोळे बारीक झाले होते. पापण्या फुगलेल्या. हनुवटी कुठं संपते आणि गळा कुठं सुरू होतो, कळत नव्हतं.

वच्छलाबाईंनी फोन ओट्यावर ठेवला. "पुनम, खाले बठ. पाय दखाड." नडगीवर अंगठा दाबून त्यांनी मनात दहा मोजले. अंगठा काढला तर तिथं खड्डा पडला, आणि तो भरेचना.

"डोकं दुखस का?"

"हा अक्का. परवापासून भलतं दुखी ऱ्हायनं."

"डोयासमोर काही चमकस?"

पुनमनं सासूकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "सकायपासून काजवा उडतस."

पंधरा वर्षांपूर्वी प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईनं फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या: तोंडावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक. तिन्ही असतील तर वाट पाहायची नाही. बीपी वाढलेलं असतं. झटके येतात. आई जाते, लेकरूही जातं.

गावची आशाताई लग्नाला गेली होती. बीपी मोजायचं यंत्र तिच्या कुलपात. वच्छलाबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी एका पेशंटला घेऊन धुळ्याला गेली होती, परत यायला तासभर तरी लागणार होता.

"तोताराम, गाडी काढ!" टाकीच्या ओट्यावरूनच त्यांनी हाक मारली. तोताराम समोरच पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या चढवत होता. त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं विचारलं नाही. गोण्या खाली ढकलू लागला.

सुनंदाबाई मात्र आडव्या आल्या. "आठवा महिना शे. सूज येसच. मना टायमले बी उनी व्हती. उगा पोरले भ्याडू नका. तुम्ही काय डॉक्टर शेतस का?"

"डॉक्टर नही शे, म्हनीसन तं दवाखानामा ली जास." वच्छलाबाईंनी पाकिटांची पिशवी उचलून सुनंदाबाईंच्या हातात कोंबली. "हाई घरमा ठेव आनि गाडीमा बठ. येस का नही?"

सुनंदाबाईंनी पिशवी तिथंच उभ्या असलेल्या शेजारणीकडे दिली आणि गाडीत चढल्या.

रस्ता खडीचा. तोतारामनं गाडी जोरात हाणावी तर हादरे, हळू न्यावी तर वेळ. पुनमचं डोकं वच्छलाबाईंच्या मांडीवर होतं. दोन किलोमीटरवर तिला उलटी झाली. रेंज आली तसा फोन वाजायला लागला. दिपमाला मॅडम. त्यांनी उचलला नाही. पुन्हा वाजला. या वेळी नवल होता. पुनमच्या नावापुढे नंबर त्याचाच होता. सकाळीच त्यांनी त्याला ओटीपीसाठी तयार राहायला सांगितलं होतं, त्यामुळे तो बिचारा कारखान्याच्या दारात फोन धरून उभा होता.

"अक्का, ओटीपी काय ऊना नही अजून. परत धाडा."

"नवल, ओटीपी ऱ्हाऊ दे. धुयाले निंघ. जी मियी त्या गाडीमा बठ."

"काय झाये अक्का? पुनम कशी शे?"

"बोलस ती. तू निंघ."

बोलत होती खरी. पण सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा तिनं वच्छलाबाईंचा दंड घट्ट धरला. "अक्का, माले दिसी नही ऱ्हायनं."

सुनंदाबाईंनी सुनेची दोन्ही पावलं छातीशी धरली. वच्छलाबाई मोठ्यानं बोलत राहिल्या. पुनमच्या माहेरच्या विहिरीबद्दल, तिच्या भावाबद्दल, काय सुचेल ते. मध्ये मध्ये विचारायच्या, "ऐकस ना पोरी?" ती "हा" म्हणायची. प्रत्येक "हा" आधीच्यापेक्षा उशिरा यायचा.

सोनगीरच्या सरकारी दवाखान्यात नर्सनं पट्टा बांधला आणि डॉक्टरांकडे धावली. वरचा आकडा एकशे ऐंशी, खालचा एकशे वीस. डॉक्टरांनी दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, धुळ्याला फोन केला. धुळ्याहून परतलेली रुग्णवाहिका एव्हाना दारात आली होती. गाडीत चढवताना पुनमला पहिला झटका आला. दात आवळले, हात वाकडे झाले. नर्सनं तिला कुशीवर वळवून धरलं. अर्धं मिनिट असेल. वच्छलाबाईंना ते एक युग वाटलं.

"इंजेक्शन गेलेलं आहे," डॉक्टर म्हणाले. "नसतं तर थांबला नसता. चला."

धुळ्याला पोचल्या पोचल्या तिला ऑपरेशनला घेतलं. बाहेर बाकावर दोघी बसल्या. फोनवर अकरा मिसकॉल होते. पाच वाजून गेले होते. वच्छलाबाईंनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. साडेसहाला सिस्टर बाहेर आली. "मुलगी आहे. दीड किलो. काचेत ठेवलीये. आई शुद्धीवर यायला वेळ लागेल."

सुनंदाबाई उठल्या, पुन्हा बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. उत्तररात्री नवल पोचला. सकाळी पुनमनं डोळे उघडले. धूसर दिसत होतं, पण दिसत होतं.

चौथ्या दिवशी वच्छलाबाईंना नोटीस आली. काम अपूर्ण, वरिष्ठांचे फोन न घेणे, आणि नोंद न करता पाकिटं दिली. शेजारणीकडची पिशवी कोणी पाहिली, कोणी कळवलं, ते त्यांनी शोधलं नाही. तालुक्याच्या मासिक बैठकीत प्रकल्प अधिकारी साहेबांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सही करते. फक्त एक विचारते. चेहरा जुळला नाही तर फोनमध्ये दोनच रस्ते आहेत. देऊ नका, नाहीतर काढून टाका. का जुळला नाही, हे लिहायला जागाच नाही. मी स्थलांतरितचं बटण दाबलं असतं तर ती पोर घरी गेली असती. त्या संध्याकाळी तिला घरातच झटका आला असता. माझी यादी मात्र शंभर टक्के भरली असती."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "लेखी द्या," एवढंच म्हणाले. वच्छलाबाईंनी लेखी दिलं, दोन पानं, रेघा मारून, रजिस्टरात लिहायच्या तशा अक्षरात.

नोटीस मागे घेतली गेली नाही. शिक्षाही झाली नाही. फाईल कुठंतरी आहे. अ‍ॅपमध्येही अजून काही बदललेलं नाही. पण पुढच्या महिन्यात दिपमाला मॅडम स्वतः पिंपरझिरीला आल्या. त्यांनी टाकीच्या ओट्यावर बसून बायांची रांग संपेपर्यंत पाहिलं. चहा घेताना त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मीच तुम्हाला सांगितलं होतं तिला काढायला. बैठकीत तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्हाला तिथून दिसत नव्हतं, मॅडम," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला समोर असून पाच वेळा दिसलं नाही."

दिपमालांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "पाय कसा दाबून बघायचा, ते माझ्या बाकीच्या एकतीस सेविकांना शिकवाल?"

पुढच्या बुधवारी वच्छलाबाई तालुक्याला गेल्या. रांगेत बसलेल्या सेविकांपैकी एकीला त्यांनी पुढे बोलावलं, चप्पल काढायला सांगितली, आणि शिकवायला सुरुवात केली.