कव्हरवरची पंगत

रत्नमालाला गल्लीत सगळे सिस्टरच म्हणत. नोकरीची पहिली वर्षं तिनं धनजच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, एसटीच्या दांडीला धरून उभ्यानं. पुढं बदली शिरपूर जैनला झाली आणि घर वाशीमला. पन्नाशीला आल्यावर ती गाडी चालवायला शिकली. शिकवणारा मदनसिंग शेजारी बसून "बिरेक, सिस्टर, बिरेक!" म्हणून ओरडायचा, आणि ती त्यालाच दटावायची, "तुमी गप बसा आंधी." मग तिनं एक जुनी, पण धडधाकट पांढरी गाडी घेतली. घरापुढं छप्पर नव्हतं आणि अंगणात कडुलिंब, त्यावर पाखरांची शाळा. म्हणून तिनं चांगलं जाड कापडी कव्हर आणलं. बाहेरून पाणी न धरणारं, आतून मऊ लव असलेलं.

त्या रविवारी ती दवाखान्याच्या गाडीतून लसीकरणाला गेली होती. संध्याकाळी परतली, तर तिची गाडी उघडी. काचेवर विष्ठा, टपावर लिंबाचा पाला. कव्हर शेजारच्या इंद्रभानच्या भिंतीवर गुंडाळून टाकलेलं.

तिनं ते उलगडलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. वांग्याच्या रश्शाचे डाग, वरणाचे ओघळ, चिकटलेला भात, पत्रावळीचे तुकडे. आतली मऊ बाजू मातीनं भरलेली. इंद्रभानच्या नातीचा, संस्कृतीचा, वाढदिवस होता. गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत झाली होती.

ती तशीच त्याच्या फाटकात गेली.

"भाऊ, माह्या गाडीचं कव्हर कोनं काढलं?"

इंद्रभान खाटेवर पान खात बसला होता. "मीच काढलं. सतरंज्या कमी पडल्या. पाव्हणे का मातीत बसवाचे?"

"फोन तं करता आला असता."

"अवं सिस्टर, कपडाच तं हाये. सकाळी आमच्या कामवाल्या चंपाबाईले सांगतो, मशीनमंदी टाकून देईन ते."

"मशीनमंदी टाकलं तं वरचा थर उखडते. अन् चंपाबाई काहून धुईन? तिनं काढलं काय? पंगत तुमची, धुवाचंही तुमीच."

"मी?" तो हसला. "एवढ्याशा गोष्टीचं कायले एवढं करून राह्यल्या?"

त्या हसण्यानं तिच्या मनात वर्षानुवर्षं दाबलेलं सगळं वर आलं. याच्या सुनेचं, पल्लवीचं, बाळंतपण अडलं तेव्हा भर पावसात धावली ती कोण? पेढे मात्र फाटकातूनच हातात टेकवले होते.

"इतक्या वर्षांत माह्या घरी तुमी कपभर चहा घेतला नाही, भाऊ. पानी सुदिक नाही. अन् माह्या कव्हरवर तुमची पंगत जेवली. तवा चाललं?"

इंद्रभानचं पान तोंडातच राहिलं. दारात उभी असलेली त्याची बायको रंगूबाई खाली पाहू लागली. रत्नमाला परत फिरली.

सकाळी तो आला. बाही सरसावलेली, तोंड पाडलेलं. बहुतेक रंगूबाईनंच धाडला असावा. आल्या आल्या त्यानं कव्हरवर पाणी ओतायला नळी उचलली.

"थांबा. आंधी कोरडंच झटका. माती आतच राह्यली तं गाडीच्या रंगावर ओरखडे पडतीन."

दोघांनी दोन टोकं धरून कव्हर झटकलं. तेलाच्या डागांवर तिनं टाल्कम पावडर टाकली आणि तेल शोषल्यावर झाडून काढली. मग बादलीत गार पाणी आणि अंगाच्या साबणाचा थोडासा चुरा. इंद्रभाननं मोरी घासायचा ब्रश आणला होता. तो तिनं बाजूला ठेवला आणि मऊ फडकं त्याच्या हातात दिलं. फेस लागताच पिवळे डाग लालभडक झाले.

"हे तं बिघडलं!" तो दचकला.

"साबनानं हळद लाल होते. जाईन थोडी पान्यानं, थोडी उन्हानं. घासा हलक्या हातानं."

त्यानं उकिडवं बसून घासलं. गल्लीतून जाणारे थबकून बघत, तसा त्याचा चेहरा आणखी ताणला जाई. फेसाचा मागमूसही उरेनासा होईपर्यंत तिनं त्याला पाणी ओतायला लावलं. भिजलेलं कव्हर जडशीळ झालं होतं. पिळू न देता दोघांनी ते उचलून दोरीवर टाकलं, आतली बाजू वर करून.

मग तिनं दोन कप चहा आणला.

इंद्रभाननं कपाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "आत्ताच घेऊन आलो घरून," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. एवढा वेळ कामात विरत चाललेला तिचा संताप पुन्हा उसळला. डागांचं काय, ते धुता येत होते.

दुपारी कव्हर दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळलं. एकटीनं ते चढवणं जमेना. रंगूबाई न बोलावता आली, दुसरं टोक धरलं, कोपरे बंपरखाली अडकवले. मग ओट्यावर बसत म्हणाली, "सकाळचा चहा मले नाही इचारला तुमी."

रत्नमालानं ताजा चहा टाकला. रंगूबाई तो उघड्यावर, गल्लीच्या देखत, बशीत ओतून सावकाश प्यायली. इंद्रभान फाटकातून बघत होता. रत्नमालानं त्याला त्यातून सुटका दिली नाही. ती त्याच्याकडं सरळ बघत राहिली. शेवटी तोच आत गेला.