यानातला बॉयलर

लेकाच्या कॉम्प्युटरवरचा तो खेळ म्हणजे मला पोरखेळच वाटायचा. एक यान आभाळात कुठं तरी चाललेलं, आणि त्याच्या पोटात रिॲक्टर. लेक कागलच्या एमआयडीसीत मशीनवर असतो. सुट्टीच्या दुपारी जेवण झालं की कानाला हेडफोन लावून तो त्या रिॲक्टरवर बसायचा, आणि तिकडं बेंगळुरूत बसून त्याची बहीण यान चालवायची. म्हणजे माझी मुलगी.

तिच्याशी मी बोलत नव्हतो. तिनं समाजाबाहेर लग्न ठरवलं आणि ठरवून झाल्यावर मला सांगितलं. त्या दिवशी मी म्हटलं, आता तुझं माझं बोलणं बंद. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण एकदा म्हटलं की म्हटलं. यंदा तिची आई गेली. ती आली, राहिली, माझ्यापुढं ताट ठेवत राहिली. मी जेवत राहिलो. बोललो नाही. ती परत गेली तेव्हा घर शांत झालं, एवढंच कळलं. तेव्हापासून रडू नाही, राग नाही. भूकसुद्धा घड्याळात बघून लागते.

एका दुपारी खेळ चालू असताना लेकाला कंपनीतून फोन आला. कसलं तरी मशीन बंद पडलं होतं. फोन घेऊन तो अंगणात गेला, पण जाताना हेडफोन माझ्या डोक्यावर चढवून गेला.

"आबा, निस्तं बसा. काटा हिरव्यात ठेवा. तुमची हयात बॉयलरवर गेली, तुमाला काय सांगायचं."

साखर कारखान्यात मी बॉयलरवर होतो, हे खरं. पडद्यावर पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी होती, काटा होता, आग कमीजास्त करायची दांडी होती. सगळं ओळखीचं. फक्त धग नव्हती, आणि आवाज म्हणाल तर बंद खोलीतल्या माशीएवढा. काटा मी हिरव्यात धरला.

कानात मुलीचा आवाज आला, "रिॲक्टर?"

ठीक म्हणायचं असतं, हे लेकाचं ऐकून ठाऊक होतं. मी माईकवर नखानं टकटक केलं.

"तोंडात घास हाय काय रं, दादा?"

पुन्हा टकटक. माजलाय नुसता, असं म्हणून ती आपल्या कामाला लागली. मला बरंच झालं.

मग यानाला एक दगड येऊन लागला. कुठली तरी पाइप फुटली असावी, कारण नळीतलं पाणी झरझर उतरलं आणि दिसेनासं झालं. लाल दिवे लागले. पाणी सोड, पाणी सोड, ती सांगत होती. बटण समोरच लुकलुकत होतं. मी हात लावला नाही. काचेत पाणी दिसेना झालं की आधी आग काढायची, पाण्याला शिवायचं नाही, हे मला पहिल्याच हंगामात शिकवलेलं. मी दांडी तळाला नेली. आग विझली. आगीबरोबर वीज गेली, विजेबरोबर हवा. यान काळं पडलं, आणि त्यातले सगळे मेले.



"दादा असता तर पाणी सोडला असता," ती म्हणाली. "आबा, तुमी हायसा व्हय?"

हेडफोन काढून ठेवता आला असता. हात तिथवर गेलाही. पण कारखान्यात रीत होती. ज्यानं बॉयलर बंद केला, त्यानंच का बंद केला ते तोंडानं सांगायचं. विचारल्यावर गप्प बसला तो चुकला, असं धरत. आणि मी चुकलो नव्हतो.

"तापल्या बॉयलरात गार पाणी सोडत न्हाईत," मी म्हटलं. "फुटतो."



"ह्यात फुटत न्हाई, आबा. खेळ हाय ह्यो."

"आमच्यात फुटतो."

"बरं." मग तिनं विचारलं, "जेवलासा?"

"व्हय."

"काय जेवलासा?"

मी टेबलाकडं बघितलं. सुनेनं ताट कधीच उचललं होतं. आठवायला गेलो, आठवेना.

"ध्यानात न्हाई," मी म्हटलं.

इतक्या वर्षांनी लेकीशी बोललो, तेव्हा आत काही हललं का, असं मी नंतर स्वतःला विचारून बघितलं. नव्हतं हललं. मुंग्या येऊन पाय बधिर होतो, चिमटा घेतला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं होतं.

"परत लावतो मी," ती म्हणाली. "बसतासा न्हवं?"

पडद्यावर नळी पुन्हा पाण्यानं भरली.

"बसलोय की," मी म्हटलं.